चार मीटर दोरीबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र खुलं लिहितेय. मुलांना वर्गाबाहेर न्यावं की नको, या विचारात अडलेल्या एखाद्या शिक्षकाच्या हाती ते पडलं तर अधिकच बरं.

तुम्ही आमच्या शाळेत मदतीला येऊ लागलात, त्याच्या आधी माझा एक प्रयत्न पुरता फसला होता. चाळीस मुलं घेऊन मी मागच्या मैदानात गेले आणि म्हणाले, "निरीक्षण करा." पाच मिनिटांत निम्मी मुलं पकडापकडी खेळत होती. एकाचा गुडघा फुटला, दुसऱ्या दिवशी पालकांची तक्रार आली. गणित शिकवणारी मी, झाडाझुडपांतलं मला काय कळतं, असं म्हणून मी तो नाद सोडला. हे सगळं ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "अगं, पण नेमकं काय बघायला सांगितलं होतंस?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

नंतरचे दोन दिवस आपण दोघीच मैदानात हिंडलो. कोणत्या तासाला सावली कुठे असते, गांधीलमाशांचं पोळं कुठे आहे, पाय कुठे घसरतो, मुलांनी कुठवर जायचं, हे सगळं तुम्ही वहीत टिपून घेतलंत. मुलांना नेण्याआधी शिक्षकाने ती जागा स्वतः पायाखाली घालायची असते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही दोरीचे दहा तुकडे कापलेत, प्रत्येकी चार मीटरचे. चौघांत एक तुकडा. जमिनीवर पसरून एक मीटर बाजूचा चौरस करायचा आणि त्याच्या आत किती प्रकारची पानं, किती प्रकारचे जीव दिसतात ते मोजायचं. "नाव येत नसेल तर चित्र काढा," असं तुम्ही सांगितलंत आणि मुलांची भीडच गेली. झाडाखालच्या एका चौरसात सतरा प्रकार निघाले, पायवाटेवरच्या चौरसात दोन. एवढा फरक का, यावर जो वाद रंगला तो मी कधी विसरणार नाही. सरासरी मी त्याच आकड्यांवर शिकवली. त्या वर्षी 'सरासरी म्हणजे काय' हे मला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

कुबड्या घेऊन चालणाऱ्या आमच्या मुलीला जमिनीशी वाकता येत नव्हतं. ती बसून नोंदी लिहील, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही मात्र काही न बोलता एक दोरी उचललीत आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, झाडाच्या खोडावरच चौकट बांधून दिलीत. सालीच्या भेगांतून जाणारी मुंग्यांची रांग, कोळ्याची अंड्यांची पांढरी पिशवी आणि खरबरीत दगडफूल, हे सगळं तिला तिथे सापडलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे तुम्ही सांगितल्यावर बाकीच्या गटांनाही खोडावरची चौकट हवी झाली! बाई, बाकी काहीही विसरले तरी हे मी विसरणार नाही.

झाडाची उंची मोजली तो दिवसही तसाच. कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या, त्याला दोऱ्याचा ओळंबा. गुण्याच्या तिरप्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं, झाडापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात डोळ्यांची उंची मिळवायची. गटांची उत्तरं आली ९ मीटर, ११ मीटर आणि १४ मीटर. मी बरोबर उत्तर सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझा हात दाबलात. कुणी डोळ्यांची उंची मिळवली नव्हती, कुणी उतारावर उभं होतं. मुलांनीच ते शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी काठीच्या आणि झाडाच्या सावलीच्या प्रमाणावरून त्यांनी स्वतःच पडताळाही घेतला.

पावसानंतरच्या दिवशी तास बुडणार असं वाटत होतं, तर तुम्ही फरशीवरच्या डबक्याभोवती खडूची रेघ ओढायला लावलीत. दर अर्ध्या तासाला नवी रेघ. कडेचं पाणी उथळ, म्हणून डबकं कडेकडून आटतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

पालकसभेत "अभ्यासक्रमाचं काय?" असा प्रश्न आला तेव्हा तुम्ही मुलांच्या वह्याच पुढे केल्यात. सोबत २०१५ साली प्रसिद्ध झालेला चीनमधल्या ग्वांगझू शहराचा अभ्यास सांगितलात. तिथल्या बारा शाळांपैकी सहांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत तिथे नव्याने लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं, इतर शाळांत ते ३९.५ टक्के होतं. लागलेला चष्मा याने उतरत नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. पालकांचा विश्वास बसला तो त्या शेवटच्या वाक्यामुळे, असं मला अजून वाटतं. ही नवी थेरं आहेत म्हणणाऱ्यांना तुम्ही रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली सुरू केलेल्या शाळेची आठवण करून दिलीत, तीही आवाज न चढवता.

आता मी आठवड्यातले दोन तास बाहेर घेते. मुलांनी विचारलेलं मला येत नसेल तर "माहीत नाही, बघू या" म्हणते. हे वाक्य म्हणायचं धैर्य मला तुमच्याकडून मिळालं.

तुम्ही सुरू केलेली झाडाच्या घेराची वही चालू आहे. खोडावरची, जमिनीपासून १.३ मीटरवरची रंगाची खूण अजून दिसते. पहिल्या वर्षी १ मीटर ६२ सेंटिमीटर, गेल्या वर्षी १ मीटर ६५. यंदाची मोजणी पुढच्या महिन्यात आहे. टेप धरायला तुम्हालाच बोलवायचं, असं मुलांनी ठरवलंय. याल ना?

तुमची,
गणिताची शिक्षिका