पडद्यावरचा समुद्र

मेलबर्न,
2 फेब्रुवारी

तीर्थरूप नाना आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

सहलीचं फोनवर सांगून झालंय, पण फोटोंचं फोनवर बोलणं होतच नाही. "चांगले आले का?" "आले." की संपलं. म्हणून हे पत्र. पाकिटात तीन प्रिंट आहेत, पण आधी पत्र वाचा.

नाना, आपल्या स्टुडिओतला समुद्राचा पडदा आठवतो ना? निळं पाणी, डावीकडे दोन नारळ, लांब एक शिडाचं जहाज. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या कोरड्या पात्रातून माणसं सरळ आपल्या दुकानी यायची. नवं जोडपं असो की जावळ काढलेलं पोर, मागे समुद्र हवाच. अख्ख्या अमळनेरात त्यांतल्या कितीकांनी खरा समुद्र पाहिला असेल? मी स्वतः पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. तोवर माझ्यासाठी समुद्र म्हणजे तुमचा पडदाच होता.

तर गेल्या आठवड्यात रजा जोडून मी आणि ऑफिसातली नांदेडची मैत्रीण गाडी घेऊन ग्रेट ओशन रोडला गेलो. टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंत 243 किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता समुद्राला खेटून. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे 3,000 सैनिकांनी तो 1919 ते 1932 या काळात बांधला. कुदळी, फावडी आणि घोड्यांच्या गाड्या, एवढ्यावर कडे फोडले. जे सोबती परतले नाहीत त्यांचं स्मारक म्हणून हा रस्ता. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिथे गाडी थांबवली आणि मला आबा आठवले. 72 च्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे. पुढे त्या रस्त्यावरून एस.टी.ने जाताना दर वेळी सांगायचे, "हाऊ रस्ता मी करेल शे." कमानीचा फोटो काढला, पण तो साधाच आला. पाठवत नाही.

खरं सांगायचंय ते ट्वेल्व्ह अपॉसल्सचं. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके. आपला सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे. हा दगड पिवळट, थरांथरांचा, खारीच्या पदरांसारखा. लाटा आधी कड्यात गुहा कोरतात, गुहा आरपार झाली की कमान होते, कमान पडली की सुळका उरतो. मग एक दिवस सुळकाही जातो. नावात बारा असले तरी नाव पडलं तेव्हाही ते नऊच होते, आणि 2005 च्या जुलैत त्यातला 50 मीटर उंच एक कोसळला. जवळच लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती. 1990 च्या जानेवारीत तिचा किनाऱ्याकडचा भाग पडला आणि पलीकडे गेलेली दोन माणसं तिथेच अडकली. त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. हे वाचल्यापासून मला घाई झाली होती, आज दिसतंय ते आजच टिपायचं.

पहिल्या संध्याकाळी माझी चूक झाली. इथे सूर्य दुपारी उत्तरेला असतो आणि उजवीकडून डावीकडे सरकतो. तुम्ही शिकवलेला उजेडाचा हिशेब माझ्या हाताला इतका बसलाय की तो उलटा करायला वेळ लागला. पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले, सूर्य सुळक्यांच्या मागे गेला आणि सगळे काळे ठिक्कर. शिवाय वाऱ्याबरोबर खारे तुषार लेन्सवर बसलेले. दर दोन फोटोंनंतर ओल्या फडक्याने पुसत होते. कोरडं फडकं फिरवलं तर मिठाने काच ओरखडते. तरी निम्मे फोटो डागाळलेच. 

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला परत गेलो. ट्रायपॉडचे पाय फाकवून खाली बसवले, मधला दांडा वर काढलाच नाही, त्याला बॅग टांगली. साडेसहानंतर मागून ऊन आलं आणि सुळक्यांना गुळाच्या ढेपेचा रंग चढला. त्या उजेडात तीन प्रकार केले. पहिला साधा, 1/60 सेकंदाचा. दुसऱ्याला दहा स्टॉपचा, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारा, काळा फिल्टर लावला, त्यामुळे तोच उजेड गोळा व्हायला 17 सेकंद लागले. लाटा पुसल्या गेल्या, पाणी दुधासारखं गुळगुळीत झालं. लोकांना असे फोटो फार आवडतात. मला मात्र एकदम तुमचा पडदाच दिसला! तसाच निवांत, कुणालाही न भिजवणारा. मग पातळ फिल्टर लावून अर्ध्या सेकंदाचा काढला. त्यात परतणाऱ्या पाण्याचे धागे वाळूवर दिसतात आणि सुळक्याच्या पायथ्याशी फुटलेली लाट फुटलेलीच राहते. हाच समुद्र त्या दगडाला खातोय, हे त्यातच कळतं. नाना, माझ्या मते तीनपैकी हाच खरा. तुम्हाला कोणता वाटतो ते कळवा. मला बरं वाटावं म्हणून नको, गिऱ्हाइकाचा असता तर कोणता दिला असता ते सांगा.

रात्री पोर्ट कॅम्पबेलला राहिलो. अकराच्या सुमाराला बाहेर आले तर मृग नक्षत्र उत्तरेला, तेही उलटं, आणि अगस्ती जवळजवळ डोक्यावर! गच्चीवर झोपायचो तेव्हा थंडीच्या अखेरीस तुम्ही तो दक्षिणेला, घरांच्या वर थोडासा दाखवायचात आणि म्हणायचात, यानेच समुद्र पिऊन टाकला. इथे तो मावळतच नाही. खाली समुद्र गर्जत होता, वर तो. फोटो काढला नाही. बसून राहिले.

आई, जेवणाचे हाल झाले नाहीत. तू दिलेले बिबडे पुरवून पुरवून खाल्ले, शेवटचे दोन त्या कड्यावरच संपले. दादर ज्वारीचं पीठ मात्र मिळत नाही.

नाना, प्रिंटांना काच लावू नका, उजेड परततो. आणि तो पडदा माळ्यावर असेल तर उंदरांपासून वाचवा. आखाजीला येतेय. त्याच्यापुढे जिजीला उभं करायचंय आणि फोटो तुम्हीच काढायचा, तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर. रोल मी इथून आणते.

तुमची,
ताई