ज्ञाननिर्मितीत खारपाणपट्टाही असावा

महोदय,

ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेतील उच्च शिक्षणाची चर्चा महानगरांपुरतीच राहते, याची आम्हा ग्रामीण विदर्भातील पालकांना मनापासून खंत वाटते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारे असल्याने विहीर असूनही ओलीत करता येत नाही. हा प्रश्न रसायनशास्त्राचा, भूगर्भशास्त्राचा आणि तितकाच अर्थशास्त्राचा आहे. माझ्या मुलीने रसायनशास्त्राची पदवी घेतली. परंतु तीन वर्षांत आमच्या विहिरीचे पाणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रसंग तिच्यावर एकदाही आला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. हे स्वागतार्हच, मात्र तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाकडून, ज्याला पुढच्या सत्राचीही शाश्वती नसते, संशोधनाची अपेक्षा कशी करावी? अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. त्यांनी तालुक्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना माती-पाण्याच्या संशोधनात सहभागी करून घ्यावे आणि शासनाने तेथील रिक्त पदे पूर्णवेळ भरावीत, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी पालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती