खोपोलीच्या ताई, फोटोची एक प्रत माझ्या पर्समध्ये आहे

प्रिय खोपोलीच्या ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. दीड वर्ष रोज संध्याकाळी एका डब्यात बसलो, तुम्ही माझ्या डब्यातली भेंडी चाखून तेल कमी घालायला सांगितलंत, मी तुमच्या मोबाइलमधली अक्षरं मोठी करून दिली, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. लेडीज डब्यात नावं लागतात कुणाला? मी बदलापूर, तुम्ही खोपोली आणि खिडकीशी बसून लसूण सोलणाऱ्या त्या काकू नेरळ. आता माझी शिफ्ट बदललीय, ती गाडी सुटली आणि तुमचा नंबरही माझ्याकडे नाही. म्हणून तुम्ही आखून दिलेल्या आमच्या इमॅजिकाच्या, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या थीम पार्कच्या, सहलीबद्दलचं हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुम्हाला सांगेल.

पहिल्या दिवशी तुम्ही मला झापलं होतंत, आठवतंय? ठाण्याला मी कशीबशी आत घुसले आणि तुम्ही विचारलंत, "उतरणार कुठे?" बदलापूर म्हटल्यावर तुमचा चेहराच बदलला. "बदलापूरला बदलापूर लोकल आहे ना? मग आमच्या खोपोलीत कशाला चढता? आम्हाला तासाभराने दुसरी गाडी नाही." बरोबरच होतं तुमचं. मी मुकाट्याने उभी राहिले. कल्याण गेल्यावर तुम्हीच बाजूच्या दोघींना सरकवलंत आणि मला चौथी सीट दिलीत. अर्धं अंग हवेत असलं तरी सीट ती सीट.

इमॅजिकाची गोष्ट सुरू झाली ती माझ्या फोनवरच्या भांडणातून. लग्नाला तीन वर्षं झाली होती. हनिमूनचे पैसे फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये गेले आणि त्यानंतर फिरायला जाणं म्हणजे गावी जाणं. लग्नाच्या वाढदिवसाला कुठेतरी जायचंच म्हणून ह्याने दोन रात्रींचं हॉटेल, दोन दिवसांची तिकिटं आणि नाश्ता असं एक पॅकेज शोधलं होतं. आकडा ऐकून मी भर गर्दीत ओरडले, "अरे, हा तर आपल्या घराचा हप्ता झाला!" अख्ख्या डब्याने ऐकलं. फोन ठेवला तशी तुम्ही शांतपणे म्हणालात, "इमॅजिका ना? ते आमच्या दारात आहे. हॉटेल कशाला पाहिजे? तू राहतेस कुठे, दिल्लीला?"

तुमचा धाकटा भाऊ तिथे दोन वर्षं राइडवर कामाला होता, हे तेव्हा कळलं. मग पुढचे बारा-पंधरा दिवस अंबरनाथ ते बदलापूर आपली शिकवणीच चालली होती.

बुधवारच्या सुट्टीचंच बघा. हा दुकानात नोकरीला, त्यामुळे सुट्टी कायम बुधवारी. तीन वर्षं मी त्या बुधवारला शिव्या घातल्या. तुम्ही म्हणालात, "लॉटरी लागलीय तुला." शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारांची तिकिटं स्वस्त. शिवाय रविवारी एका राइडच्या रांगेत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बुधवारी तीन राइड होतात. मग रांग तोडून पुढे जायचा तो महागडा पास घ्यायचं कारणच उरत नाही. तारीखही तुम्हीच काढून दिलीत. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसगाड्या ओळीने लागतात, मे महिन्यात सुट्ट्या आणि वरून ऊन, पावसाळ्यात विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. "मार्चचा पहिला आठवडा धर. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. ज्यांच्या घरात परीक्षा, ते घर हलत नाही." हे कुठल्या ट्रॅव्हल एजंटने सांगितलं असतं मला? त्या आठवड्यातला बुधवार धरून तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवली. मी फक्त एक सीएल टाकली.

वॉटर पार्क आणि थीम पार्क एकाच दिवशी उरकायचा माझा हट्ट तुम्ही मोडून काढलात. दोन्हीची तिकिटं वेगळी, पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे हवेत, लॉकर हवा, आणि शेवटी दोन्हीकडे अर्धवट. "एका वेळी एकच. पाण्यातलं पुढच्या वर्षाला ठेव. पुढच्या वर्षासाठी काहीतरी शिल्लक पाहिजे ना?"

पण सगळ्यात भारी होतं ते महडचं. सासूबाईंना काय सांगायचं, हा माझा खरा प्रश्न होता. पाळण्यात बसायला एवढे पैसे, हे त्यांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "उद्यान उघडायला साडेदहा-अकरा होतात. तुम्ही पहाटेच्या गाडीने आलात तर मधले दोन-तीन तास काय करणार? महडला वरदविनायकाचं दर्शन घ्या. अष्टविनायकातला एक होतो, आणि घरी सांगायला खोटंही होत नाही." ताई, धन्य आहात तुम्ही. सासूबाई एवढ्या खूश झाल्या की पहाटे चारला उठून दशम्या केल्या त्यांनी.

त्या बुधवारी कर्जतला गाडी बरीचशी रिकामी झाली. पळसदरीला घाटाची लाइन वर चढून लोणावळ्याकडे निघते आणि आपली खोपोलीची खालूनच जाते, ते तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मी ह्याला बोट दाखवून दाखवलं. तुमची फुशारकीही ऐकवली, पुण्याच्या आधी रेल्वे आमच्या खोपोलीला आली, 1856 साली. केळवली, डोलवली, लौजी. डोंगरावर तेव्हा अजून धुकं होतं. दोघांचं जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं शंभराच्या आत बसलं, हे ह्याला खरंच वाटेना. तो तिकीट उलटंसुलटं करून बघत होता.

महडला गर्दी नव्हती. 1892 पासून अखंड तेवतोय म्हणतात तो नंदादीप पाहिला, प्रसादाचा नारळ घेतला. परत खोपोलीत येऊन पालीच्या रस्त्याची शेअर रिक्षा धरली. रिक्षावाल्याला "स्पेशल नको" असं आधीच बजावायचं, हेही तुमचंच.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगूनही चुकले. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. दशम्या मंदिरापाशीच संपवायच्या असं ठरलंही होतं. पण तिथे भूक नव्हती आणि मग ध्यानातून गेलं. दारात पिशवी उघडली तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर नारळ. मग काय, बाहेर सावलीत उभ्या उभ्या दोघांनी आठ दशम्या संपवल्या. मागून येणारे आमच्याकडे बघत होते. त्याचा फायदा असा झाला की दुपारी तीनपर्यंत भूक लागली नाही आणि आतलं जेवण एकदाच घ्यावं लागलं.

लाइट बिलाच्या पाठीवर तुम्ही काढून दिलेला तो नकाशा! अक्षर तुमचं डॉक्टरसारखं, पण बाण स्पष्ट होते. आत शिरल्यावर सगळे पहिल्या दिसणाऱ्या राइडपाशी थबकतात. तिथे थांबायचं नाही, थेट नायट्रो, म्हणजे तिथला मोठा रोलरकोस्टर, गाठायचा. दुपारचं ऊन तापलं की छपराखालच्या, एसीतल्या राइड घ्यायच्या: मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, अलिबाबा, सलीमगढ. पाण्यातल्या होडीची डायनोसॉरची राइड उन्हं कलायच्या आधी, म्हणजे कपडे वाळतात. (त्या राइडचं नाव राजासॉरस. नवऱ्याला वाटलं उगाच देशी नाव दिलंय. पण राजासॉरस खरोखरच आपल्याकडचा डायनोसॉर आहे, त्याचे अवशेष गुजरातेत सापडले आणि 2003 साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं. ही एवढी एक माहिती मी तुम्हाला देऊ शकते, बाकी सगळी तुमची.)

नायट्रोला आमच्या पुढे जेमतेम दोन फेऱ्यांची माणसं होती. तुमचा भाऊ म्हणाला होता ना, बसल्यावर पायाखालची जमीन जाते? मला वाटलं बोलायची पद्धत असेल. तर खरोखरच सीटखालची फळी खाली गेली आणि पाय लोंबकळायला लागले. बूट घाल, चप्पल नको, असं तुम्ही का म्हणालात ते तेव्हा कळलं. गाडी कटकट करत वर चढायला लागली तसं शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. महडहून आलेला आमचा माणूस अथर्वशीर्ष म्हणत होता. दुसऱ्या ओळीवर अडकला तो अडकलाच, कारण तेवढ्यात आम्ही वरून सुटलो. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. आभाळ खाली होतं, झाडं वर होती आणि ह्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकडी झाली. अजून तशीच आहे.

आणि आता ते पाचशे रुपये.

आमचं बजेट पाच हजारांचं. मी वहीत रकाने पाडले होते: तिकिटं, रेल्वे, रिक्षा, जेवण, चहा. तुम्ही वही बघितलीत आणि म्हणालात, "यात पाचशे वेगळे काढ. त्यांचा हिशेब लिहायचा नाही." मी म्हटलं, एवढी काटकसर करून पाचशे उधळायचे कशाला? त्यावर तुम्ही सांगितलंत की लग्नानंतर तुम्ही दोघं एकदा एस्सेलवर्ल्डला गेला होतात. गोराईच्या खाडीतून बोटीने. दिवसभर पैसे मोजत फिरलात, आणि संध्याकाळी एक कुल्फी दोघांत की दोघांना दोन, यावरून भांडण झालं ते थेट खोपोलीपर्यंत. "दोन घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं गं? आता यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही, तेवढी कुल्फी आठवते."

बदलापूर आलं होतं. दारापाशी सरकले नसते तर उतरताच आलं नसतं. मी काहीच न बोलता उतरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रोजच्यासारखं भाजीचं विचारलंत, मग मलाही तो विषय काढवेना. तेव्हा जे बोलायचं राहिलं त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. बाकी वाचवलेल्या पैशांसाठी आभार आहेतच, पण ते मी गाडीतच मानले असते.

आम्ही दोन कुल्फ्या घेतल्या, ताई. खरं म्हणजे कुल्फी दिसली नाही, म्हणून दोन आइसक्रीम. एकाने चॉकलेट, एकाने आंबा, आणि वाटूनही खाल्लं नाही. उरलेल्या पैशांतून नायट्रोवर कॅमेऱ्याने टिपलेला तो फोटो घेतला. एरवी मी फोटोला एवढे पैसे टाकले नसते, मोबाइल काय कमी आहेत? पण त्यात हा डोळे घट्ट मिटून, तोंड वासून, आणि मी त्याच्याकडे बघून हसतेय. पोट धरून हसतात तसं. मी अशी हसते हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळची परेड बघण्याच्या नादात गाडी चुकली. तुम्ही बजावलं होतंत, तरी चुकली. खोपोलीच्या फलाटावर तासभर वडापाव खात बसलो आणि मनात आलं, इथेच कुठेतरी जवळपास तुमचं घर असणार. पत्ता असता तर तेव्हाच आले असते. रात्री वही उघडली. पाच हजारांतले अकराशेवीस परत आले होते. पाचशेचा रकाना कोराच ठेवला. सासूबाईंना प्रसाद दिला. फोटो आठवडाभर कपाटात लपवला होता, मग त्यांनाच सापडला. त्या म्हणाल्या, "हे महडला कुठे होतं?" आता तो फ्रिजवर लावलाय.

त्याची एक प्रत मी बदलापूरच्या स्टुडिओत काढून घेतलीय. ती पर्समध्ये आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मासिक पासाच्या मागे. हल्ली मी ठाण्याहून रात्रीची कर्जत पकडते, मधल्या लेडीज डब्यात. कधी उशीर झाला आणि त्या गाडीला आलात तर हाक मारा. सीट मी देते, चौथी नाही, तिसरी.

तुमची,
बदलापूर