'भोळासांभ' नव्हे, 'भोळा सांब'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांत लुबाडल्या गेलेल्या माणसाला 'भोळासांभ' म्हटलेले वारंवार वाचायला मिळते. यात लेखनही चुकते आणि अर्थही.

मूळ शब्द 'सांब'. 'सह' या अर्थाचा 'स' आणि 'अंबा' यांचा हा बहुव्रीही समास. त्यात 'अंबा'चा शेवटचा आकार ऱ्हस्व होतो आणि 'सांब' हे रूप मिळते. अंबेसह असलेला तो सांब, म्हणजे शंकर. पूजेत 'सांबसदाशिव' म्हणतात तेही याच अर्थाने. 'भ' बहुधा 'शंभू'मुळे शिरला असावा. शंभूची फोड मात्र निराळी: 'शम्' म्हणजे कल्याण, ते ज्याच्यापासून होते तो शंभू. नावे एकाच देवाची असल्याने चूक कानाला खटकत नाही, इतकेच.

हा सांब म्हणजे कृष्ण-जांबवतीचा मुलगा, असेही काही जण सांगतात. त्याची महाभारताच्या मौसलपर्वातली कथा नेमकी उलट आहे. यादवांनी त्याला बाईचा वेष चढवला, विश्वामित्र, कण्व आणि नारद यांच्यापुढे उभे केले आणि 'हिला काय होईल?' असे विचारले. ऋषी फसले नाहीत. मुसळ जन्मेल, असा शाप देऊन मोकळे झाले. त्या सांबाला भोळा कोण म्हणेल?

भोळा तो महादेवच. तो 'आशुतोष', लवकर प्रसन्न होणारा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील त्याचे भस्म होईल, हा वर त्याने भस्मासुराला देऊन टाकला आणि तो असुर वर देणाऱ्याच्याच मागे लागला. शेवटी मोहिनीने नाचता नाचता भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेववला. म्हणून या शब्दात माया आहे, हेटाळणी नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून स्वतःजवळचे देऊन टाकणारा, तो भोळा सांब. आजारपणाची थाप ऐकून उसने पैसे देणाऱ्याला तो शोभतो. दामदुप्पटीच्या आशेने पैसे गुंतवणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी बोलीत 'बकरा' आहे, 'गिऱ्हाईक' आहे. 'बावळट' तर तिसराच, त्याला व्यवहारच कळत नाही.

तोतया पोलिसांनी फोनवर घातलेल्या 'डिजिटल अटके'च्या धाकाने पैसे पाठवणाऱ्याला यांतला एकही शब्द लावू नये. तो घाबरलेला असतो. भोळाही नसतो, हावराही नसतो. अशा बातमीत 'फसवणूक झालेली व्यक्ती' एवढेच छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा