बॉलला दोर बांधू नका. हिच चेसिसवरच घट्ट हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या चिखलात आणि सुट्ट्यांत कोकणच्या पुळणीत रुतलेल्या फोर बाय फोर गाड्यांची छायाचित्रे छापून येतात. त्यांत दोर कुठे बांधला आहे हे पाहिले की धास्ती वाटते. कधी तो बंपरच्या पाइपला असतो, कधी स्टिअरिंगच्या टाय रॉडला, तर कधी मागच्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याच्या, गोल बॉलला. टाय रॉड वाकतो, बंपर उपटून येतो. बॉल मात्र माणसाच्या जिवावर उठतो.

बॉलवर ३५०० किलो असा आकडा कोरलेला असला, तरी तो चाकांवर चालणाऱ्या ट्रेलरच्या वजनाचा आहे. रुतलेली गाडी झटक्याने ओढताना येणारा ताण त्यात धरलेला नसतो. बॉलखालची मान बारीक असते. दोराचा जोर तिला वाकवतो, आणि ती तुटली की किलोभर वजनाचा पोलादी गोळा ताणलेल्या दोरासकट काच फोडून गाडीत घुसतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

म्हणून हिच घेताना ५० मिमी चौकोनी रिसीव्हरची, म्हणजे दांडा सरकवायच्या पोकळ नळीची, घ्यावी. ट्रेलर नसेल तेव्हा बॉलचा दांडा काढून ठेवता येतो. तो काढलाच पाहिजे, कारण ओढ्यातून वर चढताना तोच आधी जमिनीला घासतो. ओढायची वेळ आली तर त्याच जागी शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) लावण्याचा ठोकळा घालून १६ मिमीची पिन आरपार टाकावी. काही जण दोराचा फासाच रिसीव्हरमध्ये घालून पिन ठोकतात. जोर पिनच्या मध्यावर आल्याने ती वाकते आणि मग हातोडीनेही निघत नाही.

खरी परीक्षा मात्र बसवणीची. ग्राहक जाड पाइप आणि चकचकीत रंग पाहतो, बोल्ट पाहत नाही. १२ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट सरळ ताणात पावणेसात टनांच्या आसपास तुटतो, तर ४.६ ग्रेडचा त्याच्या निम्म्यावर. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट हिचला वापरू नये. हिचची आडवी तुळई चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना, शक्यतो कंपनीच्या मूळ छिद्रांतूनच कसावी. पोकळ चेसिसमध्ये बोल्टभोवती नळीचा स्पेसर आणि मागे जाड प्लेट हवी. ती नसेल तर कसतानाच पत्रा आत दबतो, बोल्ट पुढे सैल पडत जातो आणि छिद्र लांबट होते. चेसिसला आडवे वेल्डिंग तर टाळावेच. तडा बहुधा वेल्डच्या कडेपासूनच सुरू होतो. बसवल्यावर पाचेकशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. समुद्रकाठी जाऊन आल्यावर हिच आणि छिद्रे गोड्या पाण्याने धुवावीत, नाहीतर गंज आतून खातो.

थार, जिमनी, गुरखा या गाड्यांना शिडीची चेसिस आहे, म्हणून हे सगळे शक्य होते. मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) बांध्याच्या एसयूव्हीला मिळणारी आट्यांची कडी सपाट रस्त्यावर बंद गाडी सावकाश नेण्यापुरतीच असते. पुढच्या बाजूला हुक हवा म्हणून बुलबार (बंपरपुढची पाइपची चौकट) बसवणे हा उपाय नव्हे. त्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे. बंपरमागून थेट चेसिसला कसायचे रिकव्हरी पॉइंट (ओढायचे हुक) घ्यावेत.

दोर गाडीच्या वजनाला साजेसा हवा. तुटण्याची क्षमता भरल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीनपट असावी. ट्रकसाठीचा दोर जिमनीला लावला तर तो ताणला जाऊन झटका शोषतच नाही आणि सगळा हिसका बोल्टांवर येतो. शॅकल ३/४ इंची, ४.७५ टन कोरलेले घ्यावे; पिन हाताने घट्ट करून पाव फेरा मागे सोडावी. दोन दोर जोडायला मध्ये शॅकल कधीही घालू नये, तुटल्यावर तेच गोळीसारखे सुटते. एका दोराचा फासा दुसऱ्यातून ओवून घ्यावा आणि गाठ आवळू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी ठेवावी. आधी चाकांपुढची वाळू उपसावी, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी. निम्मे काम तिथेच होते. दोरावर ओले गोणपाट टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करावे.

हिच विकणाऱ्यांनी बिलावर बोल्टचा ग्रेड, संख्या आणि टॉर्क लिहून द्यावा. ग्राहकांनीही तो मागावा, आणि विक्रेता लिहून देत नसेल तर ती हिच घेऊ नये.

आपला,
फॅब्रिकेशन व्यवसायातील एक वाचक, पुणे