आई-बाबा, लंडनला जेवायला बसण्याआधी

लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तिकिटं झाली, आता मला दिवस मोजायचेच काम. पहिल्या आठवड्यात मी उशिरापर्यंत ऑफिसात असेन, तेव्हा एकदोनदा तुम्हा दोघांनाच इंडियन हॉटेलात जेवावं लागेल. बाबांना सगळं कागदावर लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पाटीवर 'इंडियन' असलं तरी इथली बरीचशी जुनी हॉटेलं बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांची आहेत. तिकडची माणसं जहाजांवर खलाशी म्हणून आली, काही इथंच राहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हॉटेलं काढली. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते : लंडनमधलं पहिलं भारतीय हॉटेल पाटण्याच्या दीन महंमद यांनी १८१० मध्ये काढलं होतं, आणि रीजंट स्ट्रीटवरचं 'वीरस्वामी' १९२६ मध्ये सुरू झालं.

या हॉटेलांचं स्वयंपाकघर कसं चालतं ते कळलं की काय मागवायचं ते आपोआप कळतं. सगळा खेळ एका रश्शाचा. त्याला 'बेस ग्रेव्ही' म्हणतात. भरपूर कांदा, आलं-लसूण, थोडं गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो, हळद आणि तेल मोठ्या पातेल्यात कांदा विरघळेपर्यंत शिजवतात आणि वाटून पातळ करून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत तेल तापवून आलं-लसूण, मसाल्याची पूड, टोमॅटोची प्युरी टाकायची आणि हा रस्सा दोनतीन वेळा पळीपळीने घालून मोठ्या आचेवर आटवायचा. चिकन नाहीतर बटाटा आधीच शिजवलेला असतो. दहा मिनिटांत ताट पुढं. म्हणूनच सगळ्या भाज्यांना एकच वास येतो. तेल सुटेपर्यंत आटवलं नाही तर मसाला कच्चा लागतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री गर्दीत हेच होतं. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जा. बरीच हॉटेलं दुपारी अडीचला बंद होऊन साडेपाच-सहाला पुन्हा उघडतात, त्यामुळे तीनला भूक लागली तर दार बंद सापडेल.

नावांवर जाऊ नका. 'मद्रास'चा चेन्नईशी काही संबंध नाही. तिखट आणि टोमॅटो जास्त, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या सोलापूरच्या जिभेला तोच तिखटपणा बरोबर बसेल. 'विंदालू' मूळचं गोव्याचं, व्हिनेगर-लसणीचं. इथं मात्र ते 'मद्रास'च्या वरचं तिखट आणि बहुतेकदा बटाटा घातलेलं. 'फाल' तर नुसती मिरची. बाबा, तुमची अ‍ॅसिडिटी लक्षात घेऊन त्याच्या वाटेला जाऊ नका. 'कोर्मा' आणि 'टिक्का मसाला' यांत साय आणि साखर असते, कोर्म्यात नारळ-बदामही. शुगरसाठी दोन्ही नकोत. 'धनसाक' पारशांचं, पण इथं आंबटगोड, कधी अननस घातलेलं. तुम्ही 'जालफ्रेझी' मागवा. हिरवी मिरची, कांदा, ढोबळी मिरची त्याच वेळी परतून घालतात, म्हणून ते ताजं लागतं. नाहीतर तंदुरी चिकन घ्या, त्यात रस्साच नाही.

बसल्याबसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो. आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखा तो फुकट नसतो, त्याचे पैसे बिलात लागतात. नको असेल तर लगेच परत द्या. त्यातली आंब्याची चटणी गोड असते, बाबांनी तिला हात लावू नये. भात आणि नान वेगळे मागवावे लागतात. दोघांना एक जालफ्रेझी, एक भात, दोन तंदुरी रोट्या आणि आईसाठी 'साइड डिश'मधली तडका डाळ आणि सागआलू, एवढं पुरेल. साइड डिश लहान आणि स्वस्त असते, पण पदार्थ तोच. नानच्या पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, म्हणून आई, तू रोटीच घे. कांदाभजीही विचारल्याशिवाय नको, चिकन तळलेलं तेलच बहुधा त्यालाही वापरलेलं असतं.

पाणी कोणतं विचारलं तर 'टॅप वॉटर' म्हणा. दारूचा परवाना असलेल्या हॉटेलात ते मागितलं की फुकट द्यावंच लागतं. बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज दिसला तर वर टिप ठेवू नका.

आता आईची खरी अडचण. कांदेनवमी तुमच्या मुक्कामातच येते आहे. ती झाली की चातुर्मास, तुझा कांदा-लसूण बंद. मग वर लिहिलेल्या हॉटेलांत तुला काहीच चालणार नाही. 'कांदा घालू नका' म्हटलं तर वेटर मान डोलावेल, पण कांदा त्या रश्शातच असतो, तो काढणार कसा? त्यांनाही अवघडल्यासारखं होतं, तुलाही. तेव्हा वेंब्लीला, ईलिंग रोडवर गुजराती हॉटेलांत जायचं. अल्पर्टन स्टेशनवरून चालत पोचता येतं. तिथं 'स्वामिनारायण' म्हटलं की कांदा-लसूण नाही. 'जैन' म्हणू नकोस, मग बटाटाही जाईल. नीसडनच्या स्वामिनारायण मंदिराशेजारच्या हॉटेलातही कांदा-लसूण वापरत नाहीत. ते मंदिर १९९५ मध्ये उघडलं. शिखरापासून खांबांपर्यंत सगळा कोरीव दगड आहे, तुला फार आवडेल. एकादशीची भगर गुजराती दुकानात 'मोरैयो' नावानं मिळते, साबुदाणाही तिथंच. तेवढ्यासाठी सोलापूरहून ओझं आणू नका.

खवा, पेढे, तूप, दुधाचं काहीही बॅगेत नको, इथं आणायला बंदी आहे. शेंगा चटणी आणा, सीलबंद पाकिटात, पण हॉटेलच्या टेबलावर ती उघडायची नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली माणसं इथं असतात, काहींना थोड्याशा कुटानंही श्वास लागतो. म्हणून तर इथल्या कायद्यानं हॉटेलांना चौदा पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. त्यात शेंगदाणा, तीळ आणि मोहरीही आहे.

तुम्ही इथं असाल त्या दिवसांत सूर्य रात्री नवानंतर मावळतो. बाबा, उजेड बघून जेवायला उशीर करू नका, घड्याळ बघून साडेसातच्या आत बसा, म्हणजे गोळीची वेळ चुकणार नाही.

कडक भाकरी मात्र वीसेक आणाच. चटणी घरी, माझ्या टेबलावर उघडू.

तुमची लेक