बंदुकीची दारू वाढवू नका, निपल पाहा

संपादक महोदय,

भात निसवले की चंदगड, आजरा, राधानगरीकडे राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुका बाहेर निघतात आणि ‘केप (घोड्याच्या ठोक्याने फुटून ठिणगी देणारी छोटी टोपी) फुटली, पण बार झाला नाही’ ही तक्रार सुरू होते. त्यावर पुढच्या भरणीत चिमूटभर दारू जास्त घातली जाते. हे घातक आहे. दारू कमी पडली तर आवाज बसतो, बार चुकत नाही. केपेची ठिणगी दारूपर्यंत पोचत नाही, दुखणे तिथे असते.

ठिणगी जाते निपलाच्या, म्हणजे केप बसते त्या छोट्या पोकळ बोंडाच्या, भोकातून. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक उभी राहिली की नळीतले तेल ओघळून तिथेच साचते, काजळीत मिसळून डिंकासारखे घट्ट होते. म्हणून पहिल्या भरणीआधी गज (दारू ठासायची लांब काठी) घालून नळी रिकामी असल्याची खात्री करावी, तोंड जमिनीकडे गवताच्या पात्याजवळ धरून नुसती केप फोडावी. पाते हलले तर वाट मोकळी. नाही हलले तर निपल काढून बारीक तारेने भोक साफ करावे.

केप दुसऱ्या ठोक्याला फुटत असेल तर ती नीट बसलेली नाही; पहिला ठोका तिला खाली दाबण्यातच जातो. हाताने भरलेल्या रायफलच्या काडतुसात प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) वर राहिला की नेमके हेच होते. निपलाचे डोके मार खाऊन पसरले असेल तर निपल बदलावा. तरीही तसेच झाले तर घोड्याची कमान (स्प्रिंग) तपासावी.

काळ्या दारूची काजळी ओल धरते. नुसत्या तेलाने ती जात नाही. गरम पाण्याने नळी धुऊन, चिंध्यांनी कोरडी करून मगच तेलाचा हात द्यावा.

बार झाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला रोखूनच किमान दोन मिनिटे थांबावे. आत दारू धुमसत असली तर बार उशिरा होतो. नळीत डोकावणे तर नाहीच. मग नवी केप लावावी. गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या दोन खुणा कायमच्या कोराव्यात. अंधारात, घाईत भरणीवर भरणी होते आणि नळी फाटते. रायफलच्या काडतुसातली धूर न करणारी दारू ठासणीच्या नळीत चिमूटभरही घालू नये.

परवाना नूतनीकरणाला बंदूक दाखवावी लागते, तेव्हाच निपल आणि कमान तपासून देण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, ही विनंती.

– बंदूक दुरुस्ती कारागीर, कोल्हापूर